लेकरू आपल्याच मांडीवर राहू द्या
वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

मागच्या अंकात मी विचारलं होतं की ज्यांना चालायला त्रास आहे, तोल जातो, कुबडी, कॅलिपर (पायाला आधार देणारी पट्ट्यांची चौकट), वॉकर किंवा व्हीलचेअर आहे आणि आता घरात लेकरू यावं असं वाटतंय त्यांनी मनातलं लिहून पाठवा. पत्रं आली, व्हॉट्सअपवर व्हॉइस मेसेज तर लैच आले, काही पहाटे दोन-तीनला पाठवलेले. नावं कुणाचीच देत नाही, तालुका तेवढा ठेवलाय. नवीन वाचकांसाठी सांगते, मी लातूरला ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे शरीराची अडचण असताना रोजची कामं कशी करायची ते शिकवणं हे माझं काम. मला स्वतःला लहानपणी पोलिओ झाला, डाव्या पायात कॅलिपर आहे आणि मी दोन लेकरांची आई आहे.

प्रश्न : ताई, मी औसा तालुक्यातली, वय २८. जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे, दोन्ही पाय ताठ राहतात, एका एल्बो क्रचवर (कोपरापर्यंतच्या कुबडीवर) चालते, घाईत वळलं की तोल जातो. घरी शिलाई करते. लग्नाला दोन वर्षं झाली, नवरा चांगलाय, आम्हाला लेकरू पाहिजे. सासूबाई म्हणायल्यात तूच पडतीस, लेकराला काय सांभाळशील, झालं तर जाऊबाईकडं देऊ. एका डॉक्टरकडं गेलो तर त्यांनी तपासलं बी नाही, म्हणाले कशाला रिस्क घ्यायलाव, ऑपरेशन करून टाका. लै भ्या वाटायलंय. मला जमंल का, आणि तयारी कुठून सुरू करू?

उत्तर : जमेल ताई. धीर द्यायचा म्हणून म्हणत नाहीये, सीपी, म्हणजे सेरेब्रल पाल्सी, असलेल्या आया मी कामात बघितल्यात, त्यांची लेकरं शाळेत जायलीत.

आधी त्या ऑपरेशनचं बोलू कारण त्याचा मला रागच आलाय. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा आहे, त्याच्या कलम १० मध्ये स्पष्ट लिहिलंय की मूल होणार नाही असा कुठलाही उपचार त्या व्यक्तीच्या स्वतःच्या, सगळं समजून-उमजून दिलेल्या संमतीशिवाय करता येत नाही. तुमच्याऐवजी सासूबाईंनी हो म्हणून भागत नाही, नवऱ्यानं बी नाही. बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढायचा विषय २०१९ ला गाजला तेव्हा सगळ्या महाराष्ट्रानं बघितलं की बाईला भीती घालून हो म्हणायला लावणं किती सोपं असतं. तुम्ही दुसऱ्या डॉक्टरकडं जा आणि विचारताना "मूल होऊ देऊ का" असं विचारू नका, "मूल व्हायचंय, माझ्या शरीराचं काय काय बघून ठेवायला लागेल" असं विचारा. बोलणं वेगळ्याच रस्त्यानं जातं.

तुमच्या मनात असणार पण तुम्ही लिहिलं नाही ते म्हणजे लेकराला बी होईल का. सीपी ही बहुतेक वेळा जन्माआधी, जन्मताना किंवा जन्मानंतर लवकरच मेंदूला झालेल्या इजेमुळं असते, ती आईकडून लेकरात जात नाही. फक्त तुमच्या घरात, भावंडांत, चुलत-आते भावंडांत अजून कुणाचे पाय असेच ताठ असतील तर एकदा न्यूरोलॉजिस्टला दाखवा, कारण काही अनुवांशिक आजार सीपीसारखेच दिसतात.

दिवस जायच्या आधीच तीन कामं करा. फॉलिक ॲसिडची गोळी सुरू करा, साधारणपणे रोज ४०० मायक्रोग्राम, निदान एक महिना आधीपासून आणि पुढं पहिले तीन महिने. तुम्हाला, नवऱ्याला किंवा घरात कुणाला मणक्याचा जन्मजात दोष असेल तर डोस बराच मोठा लागतो, तो डॉक्टर ठरवतील. दुसरं, चालू गोळ्या सगळ्या पिशवीत घालून दाखवायला न्या. ताठरपणासाठी बॅक्लोफेन घेत असाल किंवा फिट्ससाठी काही घेत असाल तर त्यात बदल करायला लागू शकतो, सोडियम व्हॅल्प्रोएट नावाच्या फिट्सच्या गोळीनं तर बाळात दोष यायचा धोका वाढतो हे पक्कं माहीत आहे. पण आपल्या मनानं एकदम बंद करायची नाही, बॅक्लोफेन अचानक सोडली तरी शरीर बिघडतं. तिसरं, हिमोग्लोबिन. आपल्याकडं बायकांचं रक्त कमीच असतं, आणि ज्याचा तोल आधीच कच्चा त्याला अशक्तपणाची चक्कर आली की संपलं.

आता गरोदरपण. वजन साधारण दहा-बारा किलो वाढतं आणि त्यातलं बरंचसं पुढं, पोटात. शरीराचा तोल पुढं सरकतो, वरून या काळात सांधे बांधणारे स्नायूबंध सैल होतात. धडधाकट बाई बी सातव्या महिन्यात वेगळी चालते. म्हणून तुम्ही पाचवा-सहावा लागला की एका क्रचच्या जागी दोन घ्या किंवा वॉकर घ्या, बाजाराला, दवाखान्यात जायला व्हीलचेअर घ्या. बरेच जण म्हणतील बघा आता खुर्चीत बसली. बसली तर बसली. पुढं लेकराला धरायचंय तर आत्ता खांदे-मनगटं झिजवून कसं चालेल? घरात शहाबादी फरशी असेल तर ती ओली झाली की पाय सटकतोच, मोरीत आणि मोरीच्या दारात खरखरीत मॅट टाका, भिंतीला स्टीलचा दांडा ठोकून घ्या, वेल्डिंगवाला गावातच असतो. लाईट जाते तेव्हाचं बी बघा. तोल कच्चा असला की आपण निम्मं डोळ्यांवर उभे असतो, अंधार झाला की पडणं होतं, म्हणून बॅटरीवरचा छोटा दिवा बाजेपासून संडासापर्यंत लावून ठेवा. टँकर आला की हंडा उचलायला तुम्ही जायचं नाही, ते आत्ताच घरात ठरवून टाका.

आणि पडलात तर? पोटावर मार बसला, अंगावरून रक्त किंवा पाणी गेलं, बाळाची हालचाल कमी वाटली तर दुखत नसलं तरी त्याच दिवशी दवाखाना. तसंच हालचाल कमी असली की पायात रक्ताची गाठ व्हायचा धोका वाढतो, एकच पोटरी सुजली, लाल झाली, दुखली किंवा एकाएकी दम लागला तर थांबायचं नाही.

सिझरच करावं लागेल असं काही नाही, सीपी आहे एवढ्याच कारणानं सिझर करत नाहीत. मांड्या जास्त उघडत नसतील तर कुशीवर झोपून बी डिलिव्हरी होते, हे आधी बोलून ठेवा. सातव्या महिन्यात भूलतज्ज्ञाची भेट मागा. पाठीचं ऑपरेशन झालेलं असेल, मणक्याला बाक असेल तर कमरेतली भूल कशी द्यायची हे त्यांना ऐनवेळी नाही, आधी कळायला पाहिजे. भूलतज्ज्ञ, रक्तपेढी आणि नवजात बाळाचा विभाग एकाच ठिकाणी आहे तिथंच नाव घाला. लातूरचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय तुम्हाला जवळ आहे, बीड-परळीच्या बाजूच्यांना अंबाजोगाई, नांदेडकरांना विष्णुपुरी, संभाजीनगरला घाटी.

राहिलं घरातलं, आणि मला खरं बोलायचंय ते इथंच. दोन महिने आधी तीन किलो ज्वारी एका कापडात घट्ट बांधा आणि ते गाठोडं घेऊन घरात सगळं करून बघा. बाजेवरून उचला, मांडीवर घ्या, कुशीवर झोपून छातीशी धरा, लंगोट बदलल्यासारखं करा. कुठं हात अडकतो, कुठं तोल जातो ते ज्वारीवर कळू द्या. नियम एकच, आधी बूड टेकवायचं मग लेकरू घ्यायचं, लेकरू हातात घेऊन क्रचवर चालायचं नाही. चालायचं असलं तर कुणीतरी आणून देईल किंवा लेकरू जिथं आहे तिथं तुम्ही जाऊन बसाल. म्हणून घरात दोन-तीन ठिकाणी लंगोट, दुपटी, पाण्याची बाटली असं सगळं हाताशी ठेवा. साडीची झोळी बांधू नका, बाकीच्यांना सोयीची असते पण आपण वाकलो की ती हलते आणि आपण तिच्यासंगं जातो. सुताराकडून पक्क्या पायांचा लाकडी पाळणा करून घ्या, उंची तुमच्या बाजेइतकी आणि तुमच्याकडची बाजू सरकवून उघडणारी, वरून वाकायचं कामच नको. झबल्याच्या नाड्या बांधायला बोटं साथ देत नसतील तर स्वतःच वेलक्रो लावून शिवा, तुमच्या हातात तर शिलाई आहे.

सासूबाई आणि जाऊबाईंची मदत लागणार आहे, ती घ्या, पण कशाची घ्यायची ते तुम्ही ठरवा. स्वयंपाक त्यांनी करावा, धुणं त्यांनी करावं, पाणी त्यांनी भरावं. लेकरू तुमच्याकडं. आपल्याकडं उलटं होतं, सुनेला जमत नाही म्हणून लेकरू घेऊन जातात आणि तिला बसल्या जागी भाजी निवडायला देतात. न्हाऊ घालायचं काम अवघड आहे, पायावर घेऊन न्हाऊ घालायला ताठ पायांना जमत नाही, ते सासूबाईंनाच करू द्या, पण तुम्ही तिथंच बसा, दुपट्यात तुम्ही घ्या, पुसा तुम्ही, कपडे तुम्ही घाला. लेकरू ज्याच्या हाताचं, वासाचं, आवाजाचं होतं त्याचंच होतं. सासूबाईंना ते ज्वारीचं गाठोडं घेऊन करून दाखवा. त्यांची भीती खोटी नाहीये, त्यांना तुम्ही पडलेल्या दिसल्यात. मग त्यांना बसून सांभाळताना बी दिसू द्या.

प्रश्न : मी जालन्याचा, वय ३४. मोटारसायकलच्या अपघातात डोक्याला मार लागला, तेव्हापासून चालताना झोक जातो, रस्त्यावर लोकांना वाटतं पिऊन आलोय. हात चांगले आहेत. बायकोला सातवा चालू आहे. आई म्हणते तू लेकराला लांबून बघत जा. मला ते सहनच होईना. बाप म्हणून मी काय करू शकतो?

उत्तर : दादा, लांबून बघायचं काही कारण नाही. तुमचा त्रास उभं राहून चालताना आहे ना, मग बाळाला उभं राहून घ्यायचंच नाही. जमिनीवर भिंतीला पाठ लावून बसा, पाय पसरा, मांडीवर उशी, उशीवर लेकरू. तान्ह्या बाळाचं बहुतेक सगळं असंच होतं, दूध पिल्यावर खांद्यावर घेऊन ढेकर काढणं, तेल लावणं, लंगोट बदलणं, झोपवणं. बायकोला सिझर झालं तर पहिले काही आठवडे तिला बी उठबस जड जाणार, तेव्हा रात्री तिच्या अंगावर लेकरू ठेवून देणारं, पिऊन झालं की परत घेणारं माणूस लागतं, आणि ते तुम्ही असू शकता, फक्त तिघांचं अंथरूण खालीच टाका. खाली झोपलं की पडायचं कुठून?

एका खोलीतून दुसरीकडं न्यायचं असेल तर फरशी गुळगुळीत असली की जाड वाकळीवर बाळाला ठेवून तुम्ही बसल्या बसल्या सरकत हळू ओढत नेऊ शकता, बाळाला मजा वाटते. बाबागाडी वापरत असाल तर तिला धरून तोल सावरायचा नाही, ती पळते किंवा उलटते. कापडी कॅरिअरमध्ये छातीला बांधून चालू नका, कारण तुम्ही पडलात तर ते तुमच्याखाली येणार. बसलेले असताना मात्र खुशाल बांधा, तोंड उघडं दिसलं पाहिजे आणि हनुवटी छातीला टेकलेली नको एवढं बघा.

अजून एक विचारते, अपघातानंतर कधी फिट आली का? येत असेल तर बाळाच्या अंघोळीचं पाणी आणि तुम्ही एकट्यानं, असं कधीच नाही. शिवाय डोक्याच्या दुखापतीत संध्याकाळपर्यंत थकवा येऊन झोक वाढतो, बऱ्याच जणांचं असं असतं. तुमचा चांगला वेळ कोणता ते आत्तापासून बघून ठेवा. सकाळ चांगली असेल तर सकाळची पाळी तुमची, बायकोला तेवढी दोन तास झोप मिळाली तर तिच्यासारखं सुख नाही. हातात दोन महिने आहेत तर फिजिओथेरपिस्टकडून तोलाचे व्यायाम परत सुरू करा. डोकं वळवताना नजर एका जागी ठेवणं, बसल्याचं उभं राहणं, वळताना थांबून वळणं, हे सरावानं सुधारतं. आईंना माझ्याकडून सांगा की त्यांच्या लेकानं बाप व्हायचं आहे, पाहुणा नाही.

प्रश्न : लोहारा तालुक्यातून लिहिते. माझी लेक विहिरीवरून पडून कमरेखाली लुळी झाली, व्हीलचेअरवर असते, कमरेखाली काही कळत नाही. तिला सातवा लागलाय, बाळंतपणाला माहेरी आणायचंय. आमचं घर भूकंपानंतर मिळालेलं, एकाच मजल्याचं. बाळंतिणीला शेक-शेगडी कसं करावं?

उत्तर : मावशी, शेक द्यायचाच नाही. तिला कमरेखाली कळत नाही म्हणजे भाजलं तरी कळणार नाही, बाजेखालच्या शेगडीनं कातडी जळून जाईल आणि तुम्हाला दुसऱ्या दिवशी फोड दिसतील. गरम पाण्याची पिशवी बी नको. अंघोळीचं पाणी आधी तुम्ही कोपरानं बघायचं मग तिच्या अंगावर घालायचं. बंद खोलीत कोळशाची धग आई आणि बाळ दोघांनाही वाईट, त्या धुरातला विषारी वायू दिसत नाही. माया करायची असेल तर अंगाला तेल लावा, डिंकाचे, अळिवाचे लाडू द्या, मात्र पाणी आणि पालेभाजी भरपूर, तिचं पोट साफ व्हायला आधीच वेळ लागत असेल.

लाडवांपेक्षा महत्त्वाच्या तीन गोष्टी. एक, तिला कळा येतील त्या कदाचित समजणार नाहीत. आठवा लागला की रोज दोन-तीनदा पोटावर हात ठेवून बघायला तिला आणि तुम्हाला दोघींनाही शिकवून घ्या, पोट दगडासारखं कडक होऊन परत सैल पडायलं आणि हे पुन्हा पुन्हा व्हायलं तर लगेच निघा. सातव्यापासून दवाखान्यातली तपासणी बी जवळ जवळ ठेवायला सांगा. दोन, लघवीचं इन्फेक्शन. ताप, गढूळ वास मारणारी लघवी दिसली की तपासणी, कारण त्यानं वेळेआधी कळा सुरू होऊ शकतात. तीन, दुखापत नेमकी कुठल्या मणक्याची आहे ते जुन्या कागदांत बघा. छातीमागच्या सहाव्या मणक्याला किंवा त्याच्या वर असेल तर एकाएकी बीपी खूप वाढणं, डोकं फुटल्यासारखं दुखणं, तोंड लाल होऊन घाम येणं असं होऊ शकतं, ती जिवावरची गोष्ट आहे. ते कागद फाईलला वरच लावा म्हणजे भूलतज्ज्ञ पहिल्यांदा तेच वाचेल.

घर एकमजली आहे ते बरंच आहे. दारातल्या पायरीला फळीचा किंवा सिमेंटचा उतार करा, पायरी जेवढी उंच त्याच्या निदान बारा पट लांब उतार पाहिजे, नाहीतर ढकलणाऱ्याचा दम निघतो. संडासात खुर्चीसारखा कमोड ठेवा. आणि रोज रात्री तिची पाठ, ढुंगण, टाचा बघा. वजन वाढलंय, बसणं वाढलंय, कुठं लालसर डाग दाबल्यावर बी जात नसेल तर त्या जागेवर भार अजिबात नको.

प्रश्न : सेलू तालुका, वय ३०. मला लिंब गर्डल मस्क्युलर डिस्ट्रॉफी (कंबर-खांद्याचे स्नायू कमजोर होत जाणारा आजार) आहे, जिना चढता येत नाही, खाली बसलं की उठता येत नाही. मोठ्या भावाला पण आहे. माझं लग्न सख्ख्या मामाच्या मुलीशी झालंय. लेकराला होईल का, या भीतीनं आम्ही दोघं बोलतच नाही या विषयावर.

उत्तर : बोला दादा, कारण याचं उत्तर बऱ्यापैकी मिळण्यासारखं आहे.

या आजाराचे बरेच प्रकार आहेत. बहुतेक प्रकारांत आई आणि बाप दोघांकडूनही दोषाचा जीन आला तरच आजार होतो, काही थोड्या प्रकारांत एकाकडून आला तरी होतो. म्हणून आधी तुमची रक्तातून जेनेटिक टेस्ट करून तुमचा नेमका प्रकार आणि जीनमधला बदल कळला पाहिजे. तुमच्या आईबापांना हा आजार नसेल आणि तुम्हा दोघा भावांना आहे, तर पहिला प्रकार वाटतो, तसं असेल तर तुमच्या आईत तो जीन लपलेला आहे. तिच्या सख्ख्या भावात, म्हणजे मामांत, तो असायची शक्यता निम्मी, आणि मामांच्या मुलीत, म्हणजे तुमच्या बायकोत, त्याच्या निम्मी, चारात एक. बाहेरच्या मुलीत ती याहून खूप कमी असते. मामाच्या मुलीशी लग्न आपल्याकडं पिढ्यान् पिढ्या होत आलंय, त्यात तुमचा दोष काही नाही, फक्त आता हिशेब माहीत पाहिजे.

प्रकार पहिलाच निघाला आणि तुमचा बदल सापडला की बायकोच्या रक्तात तोच शोधायचा. तिच्यात नसेल तर तुमच्या लेकराला हा आजार व्हायची भीती जवळजवळ उरतच नाही, ते फक्त तुमचा जीन घेऊन फिरेल. तिच्यात असेल तर प्रत्येक वेळी निम्मी शक्यता, मुलगा असो की मुलगी. तेव्हा जेनेटिक काउन्सिलरसमोर (अनुवांशिक आजारांचा सल्ला देणाऱ्यासमोर) दोघांनी बसून पुढचे रस्ते समजून घ्या. अकराव्या ते तेराव्या आठवड्यात वारेचा तुकडा घेऊन किंवा सोळाव्या आठवड्याच्या आसपास गर्भजल घेऊन गर्भाची तपासणी होते, आयव्हीएफ करून, म्हणजे शरीराबाहेर गर्भ तयार करून, भ्रूण आधीच तपासता येतो, कायद्यानं दत्तक घेता येतं, आणि काहीच तपासायचं नाही, येईल तसं लेकरू आपलं, हा बी एक निर्णय आहे. शेवटचा निर्णय घेणाऱ्यांना लोक नावं ठेवतात. मी ठेवत नाही. तुम्ही स्वतः हा आजार घेऊन जगताय, असं जगणं कसं असतं हे सांगायला तुमच्याइतकं जाणतं दुसरं कोण आहे? पण टेस्ट दिवस जायच्या आधी करा, रिपोर्टला आठवडे लागतात आणि पोटात वाढायला लागल्यावर ती घाई फार वाईट. जाता जाता, तुमच्या हृदयाची आणि श्वासाची तपासणी बी करून घ्या, काही प्रकारांत तिथं परिणाम होतो आणि लेकरासाठी तुम्हाला टिकायचंय.

प्रश्न : हिंगोलीहून. बायकोला ५५ टक्के अपंगत्व, पहिलं बाळंतपण. सरकारकडून काय काय मिळतं, थोडक्यात सांगा.

उत्तर : थोडक्यात. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) नसेल तर आधी ते काढा, पुढची बरीच दारं त्यानं उघडतात. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळाला ५,००० रुपये, दुसरी मुलगी झाली तर ६,००० रुपये मिळतात. ४० टक्के किंवा त्यावर अपंगत्व असणं हाच त्यात पात्रतेचा एक निकष आहे, तेव्हा तुम्ही बसता. आशाताई किंवा अंगणवाडीत नाव घाला. सरकारी दवाखान्यात डिलिव्हरी, सिझर, औषधं, रक्त, जेवण, घरून दवाखान्यात आणि परत घरी सोडायची गाडी हे सगळं मोफत असतं, गाडीसाठी १०२, आणीबाणीला १०८. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची डॉक्टरकडून मोफत तपासणी असते, पण त्या दिवशी गर्दी होते, तेव्हा रांगेत उभं राहायचं नाही, दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २५ नुसार दिव्यांगांना तपासणीत आणि उपचारात प्राधान्य आहे, कार्ड दाखवून मागा. एसटीला दिव्यांगांना ७५ टक्के सवलत आहेच. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात, त्यातून मदत मिळावी असा लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी विचारलं की पुढच्या महिन्यात बघू असंच ऐकायला मिळतं.

प्रश्न : नांदेडहून. मला पोलिओ, दोन कुबड्या. पोरगी आठ महिन्यांची झाली, रांगायली. आत्तापर्यंत सगळं निभावलं पण आता ही पळाली तर मी पकडणार कशी?

उत्तर : हा प्रश्न मला बी पडला होता आणि माझी थोरली तर लैच पळपुटी होती.

पहिलं, तिच्या पायात घुंगराचे वाळे घाला, चांगले वाजणारे, पण घुंगरू तुटून तोंडात जाणार नाहीत ना ते रोज ओढून बघा. ती कुठं आहे ते न उठता कळतं, आणि आवाज थांबला की काहीतरी उद्योग चाललाय हे बी कळतं. दुसरं, सगळं घर सुरक्षित करायच्या मागं लागू नका, एक खोली करा. दाराला तिच्या छातीच्या वर येईल अशी फळी किंवा जाळीचं छोटं फाटक, कडी तुमच्या हाताला येईल अशी. तुम्हाला ओलांडायला लागणार नाही असंच फाटक पाहिजे, उघडणारं, नुसती आडवी फळी टाकली तर तुम्हीच अडखळाल. पाण्याची बादली, ड्रम, टिपाड उघडं ठेवायचं नाही, आपल्याकडं पाणी साठवून ठेवायला लागतं आणि रांगतं लेकरू दोन बोटं पाण्यात बी बुडतं. कुबड्या टेकवून ठेवल्या की ती धरून उभी राहायला बघणार आणि त्या तिच्या अंगावर येणार, म्हणून आडव्या ठेवा किंवा भिंतीला खुंटी मारून अडकवा.

आणि तिला शिकवणं आत्ताच सुरू करा. खाली बसायचं, दोन टाळ्या वाजवायच्या, नाव घ्यायचं, आली की मांडीवर घेऊन लाड करायचे. रोज तेच, तसंच. अशा आईची लेकरं लवकर शिकतात की आई खाली बसली की आपण जायचं, आईच्या गळ्याला स्वतः धरायचं, स्वतः चढायचं. माझी दोन्ही शिकली, मी बघितलेली बाकीच्यांची बी शिकली. तिला उचलायला तुम्ही वाकायचं नाही, तुम्ही बसायचं आणि तिनं यायचं. अजून चालत नाही तोवर हे पक्कं करून घ्या.

बाहेर, बाजारात, एसटी स्टँडवर मात्र या टाळ्यांवर विसंबू नका. लेकराच्या पाठीला बांधायचा दोरीचा पट्टा मिळतो, त्याची दोरी तुमच्या कमरेला नको, ती ओढली तर तुमचा तोल जाईल, ती सोबतच्या माणसाच्या हातात द्या. सोबत कुणी नसेल तर ती चालती झाल्यावर पहिलं वर्षभर गर्दीच्या ठिकाणी एकटीनं तिला घेऊन जाऊ नका, रिक्षा दारात बोलवा. लोक बघतात, पोरीला दोरी बांधली म्हणतात. बघू द्या, म्हणू द्या. रस्त्यावरून ट्रक जातात, लोकांची बोलणी नंतर निस्तरता येतील.